अप्रभावी बचाव (फौजदारी अपील)

अप्रभावी बचाव म्हणजे फौजदारी खटल्यात आरोपीच्या वकिलाचे काम इतके अपुरे असणे की वकील नेमलेला असूनही आरोपीला बचावाची खरी संधी मिळाली नाही, असे म्हणावे लागेल. शिक्षा झालेली व्यक्ती वरिष्ठ न्यायालयात दाद मागताना हा मुद्दा उपस्थित करू शकते. मात्र भारतातील फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात या नावाचे अपिलाचे वेगळे कारण दिलेले नाही. येथील न्यायालये हा मुद्दा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील न्याय्य खटल्याच्या हक्काखाली तपासतात आणि वकिलाच्या चुकीमुळे न्याय विफल झाला का, एवढे पाहतात. वकीलच नसलेल्या आरोपीच्या बाबतीत हा कायदा बराच स्पष्ट आहे. वकील असूनही बचाव झाला नाही अशा आरोपीच्या बाबतीत तो अजून घडत आहे.

स्वरूप

अपिलात आढळणाऱ्या तक्रारी साधारणपणे ठरावीक असतात. महत्त्वाच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेतली नाही, घेतली तरी दोन-चार प्रश्नांवर आटोपली; घटनेच्या वेळी आरोपी दुसरीकडे होता हे सांगू शकणारा साक्षीदार बोलावला नाही; वैद्यकीय अहवालातील विसंगती डॉक्टरांपुढे ठेवली नाही; वकील तारखांना गैरहजर राहिले; आरोपीशी एकदाही निवांत बोलणे झाले नाही; किंवा वकिलाचे हितसंबंध आरोपीच्या हिताच्या आड येत होते.

यांतील प्रत्येक गोष्ट चूकच असते असे नाही. उलटतपासणीत न विचारलेला प्रश्न हा कित्येकदा अनुभवी वकिलाचा विचारपूर्वक निर्णय असतो. सरकार पक्षाच्या पुराव्यात राहिलेली फट एखाद्या अनावश्यक प्रश्नाच्या उत्तराने बुजते, हे फौजदारी वकिली करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे निकाल विरुद्ध गेल्यावर मागे वळून पाहून वकिलाच्या प्रत्येक निर्णयाला दोष देणे न्यायालये मान्य करत नाहीत. अडचण अशी की धोरण म्हणून राखलेले मौन आणि तयारीअभावी आलेले मौन कागदावर अगदी सारखेच दिसते. साक्षीच्या शेवटी ‘उलटतपासणी नाही’ एवढेच लिहिलेले असते.

घटनात्मक आणि कायदेशीर आधार

अनुच्छेद २२ (१) नुसार अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या विधी व्यावसायिकाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क जोडला गेला आणि मोफत विधी साहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. ऐपत नसलेल्या आरोपीला शासनाच्या खर्चाने वकील देण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३०४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३४१ मध्ये आहे. जुन्या कलमाचा मुख्य भर सत्र न्यायालयातील खटल्यांवर होता. नव्या कलमात न्यायालयापुढील खटला आणि अपील या दोन्हींचा उल्लेख आहे.

या हक्काला अपिलाच्या टप्प्यावर जोड देणारा निर्णय महाराष्ट्रातील प्रकरणातून आला. माधव हयवदनराव होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातील आरोपी पीएच.डी. झालेले प्राध्यापक होते. विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाबद्दल सत्र न्यायालयाने त्यांना नाममात्र शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षे केली. सर्वोच्च न्यायालयात ते पोहोचले तेव्हा सुमारे चार वर्षांचा विलंब झालेला होता. निकालाची प्रत तुरुंगात वेळेवर हाती आली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने दोन गोष्टी सांगितल्या. शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील देणे परवडत नसल्यास तो राज्याने दिला पाहिजे. खुद्द होसकोट यांना या निर्णयाचा उपयोग झाला नाही. त्यांचा अर्ज फेटाळला गेला.

त्यानंतर हुसेनआरा खातून (१९७९) आणि खत्री (१९८१) या बिहारमधील प्रकरणांत हा हक्क विस्तारला. सुक दास विरुद्ध अरुणाचल प्रदेश (१९८६) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आरोपीने वकील मागितला नाही एवढ्यावरून हक्क सोडला असे होत नाही. हक्काची माहिती देणे हे न्यायाधीशाचेच काम आहे. वकिलाविना झालेली त्या प्रकरणातील दोषसिद्धी रद्द करण्यात आली.

वकील नसणे आणि असून नसणे

मोहम्मद अजमल कसाब विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणातील २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन टप्प्यांत फरक केला. अटकेनंतर आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे आणले जाते तेव्हाच वकिलाच्या हक्काची माहिती देणे बंधनकारक आहे; परंतु तेथे कसूर झाली तर आरोपीच्या बचावाला प्रत्यक्ष बाधा आल्याचे दाखवावे लागते. खटला सुरू झाल्यावर मात्र वकील नसणे हा असा दोष आहे की त्याने खटलाच दूषित होतो. याच खटल्यात विशेष न्यायालयाने सुरुवातीला नेमलेल्या वकिलांकडे एका साक्षीदाराचेही काम असल्याचे उघड झाल्यावर ती नेमणूक रद्द केली होती. हितसंबंधांचा संघर्ष खटला सुरू होतानाच लक्षात आल्याने तो अपिलाचा मुद्दा होण्याआधीच मिटला.

त्याच वर्षी दिल्लीतील मोहम्मद हुसेन ऊर्फ जुल्फिकार अली याच्या प्रकरणात उलट चित्र दिसले. १९९७ मधील बस स्फोटाच्या या खटल्यात बहुतेक साक्षीदारांच्या साक्षी आरोपीच्या बाजूने वकील उभा नसताना नोंदल्या गेल्या आणि तरीही फाशीची शिक्षा झाली होती. जानेवारी २०१२ मध्ये दोन न्यायमूर्तींचे दोषसिद्धी टिकत नाही यावर एकमत झाले. पुढे काय करायचे यावर मतभेद झाले. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी फेरखटल्याचा आदेश दिला. फेरखटल्याची ही दुधारी बाजू लक्षात घेण्यासारखी आहे. अपील जिंकूनही आरोपी सुटत नाही, खटला पुन्हा सुरुवातीपासून चालतो, आणि तोवर साक्षीदारांची स्मृती व आरोपीचे आयुष्य दोन्ही पुढे सरकलेली असतात.

वकील असून नसण्याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या खंडव्याचे आहे. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात नेमलेले वकील हजर नसल्याने न्यायालयाने दुसऱ्या वकिलांची नेमणूक केली आणि त्याच दिवशी, १९ फेब्रुवारी २०१३ रोजी, आरोपनिश्चिती झाली. त्यानंतर पंधरवड्याच्या आत खटला पूर्ण होऊन फाशीची शिक्षा सुनावली गेली. वकील होते, हजर होते, त्यांनी प्रश्नही विचारले. पण कागदपत्रे वाचून आरोपीशी बोलण्याइतका अवधीच त्यांना नव्हता. १८ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने दोषसिद्धी रद्द करून खटला नव्याने चालवण्यास सांगितले आणि पुढील काळासाठी काही निकष घालून दिले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांत किमान दहा वर्षे वकिली केलेल्यांनाच न्यायमित्र किंवा विधी सेवेचे वकील म्हणून नेमावे. तयारीसाठी पुरेसा वेळ द्यावा, आणि सात दिवस ही त्याची सामान्य किमान मर्यादा समजावी. उच्च न्यायालयात फाशी कायम करण्याच्या सुनावणीत ज्येष्ठ अधिवक्त्यांचा प्रथम विचार व्हावा. निकालात दोष वकिलाच्या बुद्धीवर न ठेवता वेळ न देणाऱ्या न्यायालयीन घाईवर ठेवला गेला. भारतीय न्यायालयांना हा मुद्दा हाताळण्याची हीच रीत अधिक सोयीची वाटते, असे एकंदर निर्णयांवरून दिसते.

२ डिसेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने अशोक विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात हा विचार पुढे नेला. विधी साहाय्य हे नावापुरते नसावे, प्रभावी असावे, असे सांगून पीठाने सरकारी वकिलावरही जबाबदारी टाकली. आरोपीला वकील नसेल तर ते न्यायालयाच्या निदर्शनास आणणे, आणि आरोपीच्या जबाबात त्याच्याविरुद्धची प्रत्येक महत्त्वाची बाब त्याच्यापुढे ठेवली जाते की नाही हे पाहणे, हे सरकारी वकिलाचे कर्तव्य ठरवण्यात आले. या प्रकरणात फेरखटल्याकडे न जाता आरोपीची निर्दोष मुक्तता झाली.

कसोटी

अमेरिकेत या विषयाला स्वतंत्र सिद्धान्ताचे रूप आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये स्ट्रिकलँड विरुद्ध वॉशिंग्टन या निकालात दुहेरी कसोटी ठरवली. वकिलाचे काम व्यावसायिक वाजवीपणाच्या पातळीखाली गेले होते हे आधी दाखवावे लागते. नंतर, ती चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती हेही दाखवावे लागते. कसोटी ऐकायला सोपी असली तरी पार करण्यास अवघड आहे. पहिल्या पायरीवर न्यायालय वकिलाच्या बाजूनेच अनुमान करून चालते.

भारतात या कसोटीसारखा स्थिर सिद्धान्त रुजलेला नाही. याचे एक कारण अपिलाच्या रचनेत आहे. येथे दोषसिद्धीविरुद्धचे पहिले अपील कायदा आणि वस्तुस्थिती या दोन्हींवर चालते आणि अपील न्यायालय संपूर्ण पुरावा स्वतः तपासते. पुरावा कच्चा आढळला तर आरोपी सुटतो, वकिलावर काही बोलण्याची गरजच पडत नाही. पुरावा भक्कम वाटला तर वकिलाच्या चुकीने फरक पडला नसता, असे म्हटले जाते. दोन्ही वाटांनी वकिलाचा मुद्दा गळून पडतो. पण अपील न्यायालय तपासते तो पुरावा मुळात त्याच वकिलाच्या हजेरीत तयार झालेला असतो. कसून उलटतपासणी झाली असती तर साक्षीदार कोठे डळमळला असता, हे न झालेल्या उलटतपासणीवरून कळू शकत नाही.

खटला चालू असतानाच चूक सुधारण्याचा मार्ग म्हणजे साक्षीदाराला पुन्हा बोलावणे. पूर्वीचे कलम ३११, आताचे कलम ३४८. दिल्ली राज्य विरुद्ध शिवकुमार यादव (२०१५) या टॅक्सीचालकावरील बलात्काराच्या खटल्यात नव्या वकिलांनी आधीच्या वकिलांच्या अकार्यक्षमतेकडे बोट दाखवून साक्षीदारांच्या फेरतपासणीची मागणी केली होती. उच्च न्यायालयाने ती मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वकील बदलला आणि नव्या वकिलाला आधीचा बचाव अपुरा वाटला एवढ्यावर साक्षीदारांना पुन्हा पिंजऱ्यात उभे करता येणार नाही, विशेषतः पीडितेला तर नाहीच, असे न्यायालयाचे मत पडले. अप्रभावी बचावाची चर्चा आरोपीच्या बाजूने होत असताना ही दुसरी बाजू सहज नजरेआड होते.

अभिलेखाचे महत्त्व

वकिलाविरुद्धचा आक्षेप सिद्ध करायचा तर तो खटल्याच्या कागदांतून दिसावा लागतो. यात सर्वांत उपयोगी कागद बहुधा रोजनामा ठरतो. कोणत्या तारखेला कोण हजर होते, वकील कधी नेमले गेले, मुदत मागितली होती का आणि ती नाकारली गेली का, हे रोजनाम्यावरून कळते. नेमणुकीची तारीख आणि पहिल्या साक्षीची तारीख यांतील अंतर, साक्षींची लांबी, आरोपीच्या जबाबातील प्रश्न या गोष्टी एकत्र वाचल्या की चित्र स्पष्ट होऊ लागते.

न्यायाधीशाने निकालात किंवा आदेशात ‘वकिलांनी हा मुद्दा सोडून दिला’ असे लिहिले असेल, तर अपिलात प्रतिज्ञापत्र देऊन ते खोडता येत नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक (१९८२) या निर्णयाने न्यायालयात काय घडले याविषयीची न्यायाधीशांची नोंद अंतिम मानली आहे. ती चुकीची वाटत असल्यास प्रकरण ताजे असतानाच त्याच न्यायाधीशापुढे जावे लागते. निकाल वाचू न शकणाऱ्या, तुरुंगात असलेल्या आरोपीकडून ही तत्परता कशी अपेक्षावी, हा प्रश्न त्या नियमात सुटलेला नाही.

अभिलेखात नसलेली गोष्ट आणण्यासाठी अपील न्यायालयाला अतिरिक्त पुरावा घेण्याचा अधिकार आहे. पूर्वीचे कलम ३९१, आताचे कलम ४३२. न बोलावलेल्या साक्षीदाराचा किंवा न दाखल केलेल्या दस्तऐवजाचा प्रश्न येथे येतो. हा अधिकार न्यायालये जपून वापरतात.

कळवणपासून मुंबईपर्यंत

अपिलाचा मार्ग शिक्षा देणाऱ्या न्यायालयावर अवलंबून असतो. नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्याचे उदाहरण घेतल्यास, तेथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने दिलेल्या शिक्षेविरुद्धचे अपील नाशिक सत्र विभागातील सत्र न्यायालयात जाते. त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. खून, बलात्कार यांसारख्या सत्र न्यायालयात चालणाऱ्या गुन्ह्यांतील शिक्षेविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयात ६० दिवसांत करावे लागते. फाशीची शिक्षा असल्यास ही मुदत ३० दिवसांची आहे. धुळे, जळगाव आणि अहिल्यानगर हे शेजारचे जिल्हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, नाशिक जिल्हा मात्र मुंबईच्या मुख्य पीठाखाली आहे. मुदत टळल्यास विलंबमाफीचा अर्ज करता येतो आणि वकिलाने निकाल कळवलाच नाही, अपील केले असे खोटेच सांगितले, अशी कारणे बहुधा याच अर्जात प्रथम समोर येतात.

तुरुंगातील कैद्याला अपिलासाठी वकील गाठण्याची गरज नाही. कलम ४२४ नुसार तो आपला अर्ज तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे देऊ शकतो आणि त्या अधिकाऱ्याने तो योग्य न्यायालयाकडे पाठवायचा असतो. तुरुंग अपील म्हणतात ते हेच. अशा अर्जात वकिलाविरुद्धची तक्रार एक-दोन ओळींत असते. ती मुद्द्याच्या रूपात मांडण्याचे काम पुढे उच्च न्यायालय विधी सेवा समितीने नेमलेल्या वकिलांवर येते.

कळवण हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रातील तालुका आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. यासाठी तालुका, जिल्हा आणि उच्च न्यायालय या तीनही पातळ्यांवर समित्या किंवा प्राधिकरणे आहेत. म्हणजे या भागातील बहुसंख्य आरोपींसाठी वकील मिळणे हा कायद्याने सुटलेला प्रश्न आहे. उरतो तो भाषेचा आणि वेळेचा. कोकणा किंवा भिल्ल बोली बोलणाऱ्या आरोपीने घटनेचा क्रम आपल्या शब्दांत सांगावा, वकिलाने तो समजून घ्यावा आणि त्यातून उलटतपासणीचे प्रश्न निघावेत, यासाठी तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात मिळणारी दहा मिनिटे पुरत नाहीत. अनोखीलाल निर्णयातील भेटीच्या आणि तयारीच्या वेळेच्या अटी अशाच परिस्थितीसाठी आहेत.

अपील प्रलंबित असताना शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागता येतो (कलम ४३०). दीर्घ मुदतीच्या शिक्षेत हा अर्ज अपिलाइतकाच महत्त्वाचा ठरतो, कारण अंतिम सुनावणीला अनेक वर्षे लागू शकतात.

नाशिकचे २००३ चे प्रकरण

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळील बेलतगव्हाण शिवारात एका कुटुंबावर हल्ला होऊन पाच जणांचा खून झाला आणि स्त्रियांवर बलात्कार झाले. कुटुंबातील आई आणि मुलगा जखमी अवस्थेत वाचले. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांवर खटला चालला. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली.

फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन अर्जांची सुनावणी किमान तीन न्यायमूर्तींच्या पीठाने खुल्या न्यायालयात घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ प्रकरणात ठरवले. ऑक्टोबर २०१८ मध्ये या सहा जणांबाबतचा २००९ चा निकाल मागे घेण्यात आला आणि अपिले नव्याने ऐकली गेली. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या पीठाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्तींना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने राज्य शासनाला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचे आणि दोषी तपास अधिकाऱ्यांची चौकशी करण्याचे आदेश दिले. सहा जणांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही दरम्यानच्या काळात निष्पन्न झाले होते.

हा निकाल सदोष तपासावर आणि अविश्वसनीय ओळखीवर आधारलेला आहे. तो अप्रभावी बचावाचा निर्णय म्हणून उद्धृत करता येणार नाही. या विषयाच्या अभ्यासकाला तो तरीही महत्त्वाचा वाटतो. मुक्ततेला कारण ठरलेली ओळख तपासाच्या अगदी सुरुवातीचीच होती, आणि तिच्यासह प्रकरण तीन न्यायालयांतून गेले. एका आरोपीचे वय हीसुद्धा पहिल्या दिवसापासून अस्तित्वात असलेली वस्तुस्थिती होती. अशा बाबी वेळीच, ठामपणे न्यायालयापुढे ठेवणे हेच बचावाचे काम. ते काम पूर्ण होऊन सहा जण सुटले तेव्हा घटनेला जवळपास सोळा वर्षे झाली होती.

वकिलाविरुद्ध इतर उपाय

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्य विधिज्ञ परिषदेकडे करता येते. या भागासाठी ती महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषद होय. परिषद वकिलाला ताकीद देऊ शकते, त्याची सनद निलंबित करू शकते किंवा काढून घेऊ शकते. या कारवाईने दोषसिद्धीवर थेट परिणाम होत नाही. निष्काळजीपणा आणि गैरवर्तन यांत परिषद फरक करते. अभ्यास न करता उभा राहिलेला वकील दर वेळी गैरवर्तनाच्या व्याख्येत बसतोच असे नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची व्यावसायिक सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्गही बंद झाला आहे.